शेजाऱ्याचा शब्द : ‘आळ’, ‘साक्ष’ आणि ‘म्हणे’

मराठीत एखाद्यावर दोषारोप करावयाचा झाल्यास तो दोन रीतींनी करता येतो. ‘त्याने तिच्यावर आळ घेतला’ असे म्हटले, म्हणजे आळ घेणारा वाक्यात उभा असतो; त्याला बोलावता येते, त्याच्याकडून कारण मागता येते. ‘तिच्यावर आळ आला’ असे म्हटले, म्हणजे आळ अवकाळी पावसासारखा आपोआप येऊन कोसळतो. तो कोणी पाठविला हा प्रश्न वाक्यरचनेनेच निकालात काढलेला असतो. ‘संशय घेणे’ आणि ‘संशय येणे’ ही जोडीही अशीच आहे. या दुसऱ्या रीतीला पूर्णत्व देणारा शब्द ‘म्हणे’ हा होय. ‘म्हणणे’ या धातूचे हे जुने रूप आता वाक्याच्या शेपटीला अव्ययाप्रमाणे चिकटते. ‘तो त्या रात्री घरी नव्हता म्हणे’ या वाक्यात म्हणणारा कोण, एक की दहा, त्याने पाहिले की ऐकले, यांपैकी काहीच सांगितलेले नसते. बोलणाऱ्याने बातमी दिलेली असते आणि जबाबदारी मात्र घेतलेली नसते. तुर्कीसारख्या काही भाषांत हे कार्य क्रियापदाला लागणारा एक प्रत्ययच करतो; मराठीने त्यासाठी एक स्वतंत्र, सुटसुटीत आणि अतिशय सोयीचा शब्द राखून ठेवला आहे.

‘अफवा’ हा शब्दही याच कुळातला. अरबीत ‘अफवाह’ म्हणजे तोंडे. ‘मुख’ या अर्थाच्या शब्दाचे ते अनेकवचन. मराठीने तो स्त्रीलिंगी एकवचनी करून घेतला आणि अनेक तोंडांची मिळून एकच बातमी झाली. वस्तुस्थितीचे याहून नेमके वर्णन कोणत्याही कोशात सापडणार नाही.

प्रस्तुत लेखात या व्याकरणाचा न्यायनिवाड्याशी असलेला संबंध पाहावयाचा आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे गुन्ह्याच्या निर्णयात कोणत्या वाटेने शिरते, आणि शिरताना त्याला आपले नाव सांगावे लागते की नाही, हा प्रश्न आहे. लहान गावातील खुनाचे रहस्य सांगणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांमुळे तो सामान्य प्रेक्षकाच्याही ओळखीचा झाला आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात घडलेल्या हत्यासत्रावर २०२४ मध्ये मालिका आली. त्यापूर्वी २०२० मध्ये सुरू झालेली ‘देवमाणूस’ ही मालिका घरोघरी पाहिली गेली आणि वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या खून-प्रकरणाशी तिचे नाते सर्वत्र सांगितले गेले. अशा कथानकांत पारावरची आणि पाणवठ्यावरची कुजबूज प्रेक्षकाला भलत्याच माणसाकडे नेते, हा रचनेचा जुना नियम आहे. ‘देवमाणूस’ या नावाचे वैशिष्ट्य असे, की ते गैरसमजाची दुसरी बाजू दाखविते. शेजारी जसा निरपराध्याला गुन्हेगार ठरवितो, तसाच तो गुन्हेगाराला देवमाणूसही ठरवितो. आणि चांगुलपणाची अफवा तपासून पाहावी असे तर कोणाच्याच मनात येत नाही. निंदेला निदान एखादा तरी विरोधक भेटतो, स्तुतीला तो सहसा भेटत नाही.

प्राचीन नैयायिकांनी या विषयाचा जो विचार केला आहे तो न्यायालयांना लाजविणारा आहे. प्रमाणांची संख्या ठरविताना ‘ऐतिह्य’ हे स्वतंत्र प्रमाण मानावे की काय, असा प्रश्न न्यायभाष्यात उपस्थित झाला आहे. ऐतिह्य म्हणजे ज्याचा मूळ वक्ता कोण हे सांगता येत नाही असे परंपरेने चालत आलेले बोलणे. त्याचे शास्त्रप्रसिद्ध उदाहरण ‘या वडावर यक्ष राहतो’ हे आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही गावाच्या वेशीवर हे वाक्य आजही ऐकू येईल. फक्त यक्षाच्या जागी मुंजा असेल. नैयायिकांनी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला नाही. ते शब्दप्रमाणात मोडते म्हणावे, तर शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याने वस्तू जाणली आहे आणि जो ती यथार्थ सांगू इच्छितो त्याचा. वक्त्याचाच पत्ता नसेल तर त्याचे आप्तत्व ठरवावयाचे कसे? धूर दिसला की अग्नी आहे हे अनुमानही त्यांनी सरसकट मोकळे सोडले नाही. धुके पाहून धूर समजणाऱ्याची फसगत त्यांनी हेत्वाभासांत नोंदवून ठेवली. गावगप्पांत ‘काहीतरी असल्याशिवाय लोक बोलत नाहीत’ हे जे वाक्य हमखास येते, त्याला हे उत्तर पुरेसे आहे.

शास्त्रात असे असले तरी व्यवहारात काय होते? याविषयी मराठी कागदपत्रे बोलकी आहेत. डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वि. त्रि. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथाने या कागदांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. शिवपूर्व काळापासून पेशवाईपर्यंत वतन, सीमा, वारसा यांचे कितीतरी तंटे गोतसभेपुढे निवडले गेले. त्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. महजर उघडताच प्रथम दिसते ती हाजीर मजालसीची यादी : सभेला कोण कोण होते, कोणत्या गावचा पाटील, कोण कुळकर्णी, कोण शेटे-महाजन, कोणते बलुतेदार. नावे आधी, प्रकरण नंतर. वादी-प्रतिवादींच्या तकरिरी लिहून घेतल्या जात, त्यांच्याकडून जामीन घेतले जात, आणि मग गोही, म्हणजे साक्षीदार, पुढे येत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या हत्याराची निशाणी करी. पाटलाचा नांगर सर्वांच्या परिचयाचा आहे.

साक्ष देण्याची रीत तर मुद्दाम कठीण केलेली होती. साक्षीदाराला देवळात किंवा नदीकाठी नेत, हाती बेलभंडार देत, आणि खोटे बोलल्यास पूर्वजांची गती काय होईल याची जाणीव करून देत. ज्या माणसाने आदल्या दिवशी चावडीच्या कट्ट्यावर ‘तो असा आहे म्हणे’ असे सहज म्हटले असेल, त्याच माणसाला ते वाक्य ‘म्हणे’ गाळून उच्चारावे लागे. माझ्या मते या सगळ्या विधीचे सार या एका शब्दलोपात आहे. बेलभंडाराच्या अंगी सत्य काढून घेण्याची काही शक्ती होती असे नव्हे. पण त्याने वाक्याला कर्ता मिळे. शिवाय आपल्याच गावचे गोत आपल्याविषयी मन कलुषित करून बसले आहे असे एखाद्या पक्षाला वाटल्यास तंटा दुसऱ्या, तिऱ्हाईत ठिकाणी निवडावा अशी मागणी करण्याची सोय होती. शेजारी हा उत्तम माहीतगार असतो आणि म्हणूनच तो वाईट न्यायाधीशही असू शकतो, ही जाणीव त्या मागणीत आहे.

चोरीच्या बाबतीत आणखी एक व्यवस्था होती, ती येथे सांगणे अवश्य आहे, कारण पुढील कथाभागाशी तिचा संबंध येतो. गावात चोरी झाली की रामोशी, भिल्ल किंवा अन्य जागले पावलांचा माग काढीत. माग शिवेपलीकडे गेला की पुढच्या गावच्या जागल्याने तो आपल्या हद्दीत पुढे चालवावयाचा. जेथे माग खुंटला तेथील गावाने आणि जागल्याने भरपाई करावयाची. ‘मागमूस’ हा आपला नित्याचा शब्द या विद्येची आठवण ठेवून आहे. माग म्हणजे जमिनीवर उमटलेली, दहा जणांना दाखविता येणारी खूण. ती कोणाच्या तोंडातून आलेली नसे. पण तो काढण्याची आणि न लागल्यास भरण्याची जबाबदारी ज्या जातींवर होती, त्याच जातींकडे चोरीचा संशयही सर्वांत आधी वळे.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र माझा हेतू नाही. महजर हे बहुधा वतनदारांचे, जमिनीचे कागद आहेत. जेथे मालमत्ता नसे आणि बोलणे एका स्त्रीच्या वर्तनाविषयी असे, तेथे कुजबुजीचा रस्ता फारच सरळ होता. पेशवेकाळात शिंदळकीच्या आरोपावरून दंड घेतले जात आणि काही स्त्रियांना बटीक करून सरकारी कामास लावले जाई. व्यभिचाराला प्रत्यक्ष साक्षीदार सहसा नसतोच. तेव्हा आरोपाचा आधार शेजार, सासर आणि भाऊबंदकी यांचे बोलणे हाच उरे, आणि दंडाची रक्कम सरकारजमा होत असल्याने ते बोलणे ऐकून घेण्यात अधिकाऱ्यालाही स्वारस्य असे. ‘आळ आला’ ही अकर्तृक रचना स्त्रियांच्या संदर्भात इतकी रुळावी, यात आश्चर्य कसले?

कागद नाही, गोही नाही किंवा गोहींत एकमत नाही, अशा वेळी दिव्याचा आश्रय केला जाई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढावयाचा. अग्निदिव्यात तापलेला लोखंडी गोळा हाती घेऊन आखलेली मंडले ओलांडावयाची. हात आधी धुऊन तपासत, नंतर बांधून त्यावर मोहोर करीत, आणि ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष उघडून पाहत. यातून सत्य निघत नसे, हे सांगावयास नको. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी : दिव्यानंतर बोलणे थांबत असे. गावातील कुजबूज ही अशी वस्तू आहे की तिला शेवट नसतो. दिव्य कितीही अमानुष असले तरी ते तिला एक तारीख देत होते. आधुनिक न्यायालयातून निर्दोष सुटून आलेल्या माणसाला गाव तशी तारीख देत नाही. ‘सुटला म्हणे’ एवढ्यावर तो प्रश्न लोंबकळत राहतो.

गोतसभेची ही सारी रचना एका गृहीतावर उभी होती. गावातील प्रत्येकाला ओळखणारा कोणीतरी असे, आणि जो ओळखीचा नाही त्याला ओळखणारे दुसरे गोत कोठेतरी असे. हे गृहीत हळूहळू ढासळले. जेऊरसारख्या गावाच्या संदर्भात ते नीट दिसते. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील हे गाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे. दिकसाळपासून बार्शी रोडपर्यंतचा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा, हा टप्पा १८५९ मध्ये सुरू झाला. तालुक्याचे ठाणे करमाळा रुळांपासून दूर राहिल्यामुळे करमाळ्याला जाणारा परका मनुष्य उतरतो तो जेऊरला. स्टेशनचे गाव म्हणजे असे गाव, की जेथे रोज काही माणसे अशी येतात ज्यांच्यासाठी बेलभंडार उचलणारा कोणी नसतो. जेऊरच्या नावातही गोंधळाची सोय आहे. याच जिल्ह्यात अक्कलकोट तालुक्यात दुसरे जेऊर आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात आणखी एक. ‘जेऊरला असे असे घडले म्हणे’ ही बातमी ज्याच्या कानी पडते तो आपल्या जवळचे जेऊर धरून चालतो. माहिती खरी असूनही स्थळ चुकावे आणि एका गावचा कलंक दुसऱ्या गावाला लागावा, यासाठी कोणी खोटे बोलण्याचीही गरज नाही.

इंग्रजी अमलात गोतसभेची जागा न्यायालयाने घेतली आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ऐकीव गोष्टीला दार बंद केले. जे पाहिले असेल ते पाहणाऱ्यानेच सांगावे, जे ऐकले असेल ते ऐकणाऱ्यानेच सांगावे, हा त्याचा दंडक. आरोपीची पूर्वीची अपकीर्ती ही फौजदारी खटल्यात सामान्यतः अप्रस्तुत, असेही त्याच कायद्याने सांगितले. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यातही ही तत्त्वे कायम आहेत. एवढे वाचून विद्यार्थ्यांचा असा समज होतो की आधुनिक कायद्याने ‘म्हणे’ला हद्दपार केले. हा समज अर्धाच खरा आहे.

पुढचे दार बंद करणाऱ्याच राज्यकर्त्यांनी मागचे दार उघडे ठेवले होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सराईत चोर, दरोडेखोर, चोरीचा माल घेणारे यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचे तारण घेण्याची तरतूद होती. आणि मनुष्य सराईत आहे हे त्याच्या सार्वत्रिक लौकिकावरून सिद्ध करता येत होते. लौकिक म्हणजे काय? शेजारीपाजारी त्याच्याविषयी काय बोलतात ते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगणार की याच्याविषयी लोकमत वाईट आहे. म्हणजे शपथ साक्षीदाराची, पण मजकूर ‘म्हणे’चा. गोतसभेत बेलभंडाराने ‘म्हणे’ गळून पडत असे. येथे त्यालाच शपथेचे संरक्षण मिळाले. १९७३ च्या संहितेत आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद चालू राहिली आहे.

यापुढची पायरी व्यक्तीवरून जमातीवर जाण्याची. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याची वाट मोकळी झाली. आता माणसाचा स्वतःचा लौकिकही पाहण्याचे कारण उरले नाही. जन्मच लौकिक झाला. सोलापूर शहरात या जमातींची मोठी वसाहत होती. तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्या पारधी, कैकाडी, मांग गारुडी आदी कुटुंबांना हजेरी द्यावी लागे आणि त्यांतील अनेक जण गिरण्यांत काम करीत. म्हणजे दिवसा जो सहकारी म्हणून मागाशेजारी उभा असे, तो रात्री कायद्याने गुन्हेगार असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा नवा शब्द आला. परंतु शब्द बदलण्याइतके बोलणे बदलणे सोपे नसते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही दोन्ही शीर्षके गावाने या माणसांना दिलेली नावे आहेत. ती नावे पुस्तकावर स्वतःच्या हाताने लिहून लेखकांनी ‘आळ आला’ या वाक्याला प्रथमच कर्ता दिला, असे मला वाटते.

ज्या घटनेमुळे हा सर्व विषय अभ्यासकाच्या टेबलावरून उठून समोर उभा राहतो ती घटना सोलापूर जिल्ह्यातील माणसांच्या बाबतीत, पण सोलापूरपासून दूर घडली. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, पाच भिक्षेकरी तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे ही बोलवा त्या वेळी भ्रमणध्वनीवरील संदेशांतून देशभर पसरली होती. त्या संदेशांबरोबर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी केलेल्या चित्रपटाचा कापलेला तुकडा होता. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग तेवढा त्यातून गळला होता. या पाच जणांपैकी कोणीतरी एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांना मारीत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथे कोंडून ठार मारले.

ग्रामपंचायतीचे कार्यालय हे आजच्या गावाची चावडी होय. शतकांपूर्वी ज्या जागी प्रथम हाजीर असणाऱ्यांची नावे लिहिली जात, जामीन घेतले जात, साक्षीदाराला नदीवर नेले जाई, आणि एवढे झाल्यावरही निर्णय मनास न पटल्यास तिऱ्हाईत गोताकडे जाता येई, त्याच जातीच्या जागेत आरोप, पुरावा, निर्णय आणि शिक्षा यांच्यामध्ये काही अंतरच उरले नाही. जमाव क्रूर होता असे म्हणून भागत नाही. राईनपाड्यातील प्रत्येक घर आपल्या मुलांच्या काळजीने घाबरलेले होते आणि शेजाऱ्याच्या मुलाचे रक्षण करणे हे शेजारधर्माचेच काम आहे. भीती खरी होती. जिच्याविषयी ती होती त्या टोळीला पाहिलेला मात्र कोणीही नव्हता. वडावर यक्ष होता.

त्याच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. १७ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविषयी राज्यांना प्रतिबंधक उपायांचे निर्देश दिले. आणि व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने पुढे पाठविलेल्या संदेशावर तो ‘फॉरवर्डेड’ असल्याची खूण दाखविण्यास प्रारंभ केला, तसेच भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठविण्यास बंदी घातली. भाषेच्या अभ्यासकाला ही खूण पाहून थोडे हसू येते. तंत्रज्ञांनी बऱ्याच विचाराअंती जे शोधून काढले ते मराठीत केव्हापासून आहे : वाक्याच्या कडेला लावलेले ‘म्हणे’. ऐकणारा सावध व्हावा हा त्याचा हेतू. परंतु ‘म्हणे’चा स्वभाव दुहेरी आहे. ते ऐकणाऱ्याला सावध करते आणि त्याच वेळी सांगणाऱ्याला मोकळे करते. पाच ही मर्यादाही तशीच; चावडीवर कुजबुजणारा मनुष्य तरी एका वेळी याहून जास्त कानांत कोठे सांगत होता?

राईनपाड्याच्या घटनेला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, १ जुलै २०२४ रोजी, भारतीय न्याय संहिता अमलात आली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या हत्येसाठी तिच्या १०३ व्या कलमात वेगळे पोटकलम आहे. या यादीत ‘जन्मस्थान’ आणि ‘भाषा’ हे शब्द आहेत, ‘अफवा’ हा नाही. मंगळवेढ्याकडची मराठी आणि साक्रीच्या पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांवरच्या बोली यांत अंतर बरेच आहे. तोंड उघडताच परका ओळखू यावा इतके ते निश्चित आहे. आणि ‘आम्ही मागून खाणारे लोक’ एवढे साधे वाक्य मारणाऱ्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी त्या दुपारी ते किती ओलांडावे लागले असेल, याचा अभ्यास बोलीभूगोलाच्या कोणत्याही नकाशावर अद्याप मांडलेला नाही.